सांडपाणी प्रकल्पाच्या सायबर सुरक्षेवर काम करायचंय? मग आधी गमबूट घाला

प्रोजेक्टचे विषय ठरायच्या दिवसांत एक संवाद दरवर्षी होतोच. कॉम्प्युटरचा एखादा विद्यार्थी येतो आणि सांगतो, "सर, सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या सायबर सिक्युरिटीवर काम करतोय. डेटासेट मिळाला, एलएसटीएम न्यूरल नेटवर्क लावलं, ९८ टक्के अ‍ॅक्युरसी येतेय." मी विचारतो, "तुझ्या डेटात एलआयटी-१०१ नावाचा कॉलम आहे, तो काय मोजतो?" शांतता. "बरं, हा डेटा सांडपाण्याचा आहे का?" आता आणखी मोठी शांतता, कारण तो सांडपाण्याचा नसतोच. तो कच्चं पाणी शुद्ध करणाऱ्या एका प्रायोगिक प्लांटचा असतो.

सिव्हिल किंवा पर्यावरणकडून येणाऱ्यांची गत याच्या उलट. एमएलएसएस (टाकीतल्या गाळाचं प्रमाण), बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) तोंडपाठ. पण पीएलसी म्हणजे पॅनेलमधला तो डबा, ज्याला हात लावायचा नसतो.

पुढच्या पायऱ्या या दोघांसाठीही आहेत. क्रम मुद्दाम असा ठेवलाय: आधी पाणी, मग तारा, मग अल्गोरिदम. बहुतेक जण शेवटाकडून सुरुवात करतात आणि सहा महिन्यांनी पहिल्या पायरीवर परत येतात. तुमच्याकडे साधारण दोन सेमिस्टर आहेत असं धरून लिहितो.

पायरी १: प्लांट बघून या, आणि दोनदा बघा

तुमच्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या मलनिस्सारण विभागाला कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्या. पहिल्या पत्रात फक्त प्रक्रिया बघण्याची परवानगी मागा. नेटवर्कचा विषय ओळख झाल्यावर, वेगळ्या लेखी परवानगीने काढायचा. मोठा प्रकल्प मिळाला नाही तर मोठ्या गृहसंकुलाचा किंवा हॉस्पिटलचा छोटा एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रसुद्धा चालेल. उलट तिथे ऑपरेटरला बोलायला जास्त वेळ असतो.

बघायचं काय? पाणी येतं ते वेट वेलमध्ये. तिथून पंप ते उचलतात, वाटेत जाळीवर चिंध्या आणि प्लास्टिक अडकतं, ग्रिट चेंबरमध्ये वाळू बसते. पुढे एरेशन टँक. खरं काम इथे चालतं आणि ते यंत्र करत नाही, जिवाणू करतात. ब्लोअर खालून हवा सोडतो, जिवाणू घाण खातात, वाढतात, त्यांचा तपकिरी गाळ बनतो. क्लॅरिफायरमध्ये गाळ तळाशी बसतो, वरचं निवळलेलं पाणी पुढे जातं आणि बसलेल्या गाळातला मोठा भाग पुन्हा एरेशन टँकमध्ये येतो. ही पद्धत आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये मांडली. शंभर वर्षांहून जास्त काळ जगातली शहरं तिच्यावर चालली आहेत.

इथे एक गोष्ट मनात पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या प्लांटमध्ये दोन घड्याळं चालतात. पंप बंद पडला तर वेट वेल काही मिनिटांत किंवा तासांत भरून वाहतो. हवा बंद झाली तर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, काही मिनिटांत खाली येतो. पण अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू अतिशय सावकाश वाढतात. त्यांची संख्या घटली तर ती भरून यायला कित्येक दिवस, कधी काही आठवडे लागतात. सोमवारी कोणी गडबड केली तर तिचा परिणाम गुरुवारी दिसतो आणि तोवर लॉगमध्ये सगळं पुन्हा ठीकठाक झालेलं असतं. वीज ग्रिडच्या सुरक्षेवरचे पेपर वाचून इथे येणारे हमखास या दुसऱ्या घड्याळाला विसरतात.

ऑपरेटरकडून एसव्ही-३० चाचणी बघून घ्या. एक लिटरचं मोजपात्र, त्यात एरेशन टँकमधलं पाणी, तीस मिनिटं थांबायचं आणि गाळ किती मिलिलिटरवर बसला ते वाचायचं. गाळ चॉकलेटी असेल आणि मातीसारखा वास येत असेल तर तब्येत चांगली. काळा पडून कुजका वास आला तर हवा कमी पडतेय. ही चाचणी कुठल्याही केबलवरून जात नाही, त्यामुळे लॅपटॉपवरून ती कोणाला खोटी करता येत नाही. हे मोजपात्र लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसरी भेट रात्रपाळीत किंवा भर पावसात घ्या. दिवसा साहेब असतात, सगळं ऑटोवर चाललेलं दिसतं. रात्री कळतं की कुठला पंप गेले तीन महिने मॅन्युअलवर आहे. एका छोट्या शहराच्या प्लांटवर मी स्क्रीनवर डीओचा आकडा सलग तासभर न हलता बघितला होता. प्रोबवर इतकी घाण चढली होती की ती पाणी मोजतच नव्हती. ऑपरेटरला ते माहीत होतं, तो टाकीवरच्या बुडबुड्यांकडे बघून ब्लोअर चालवत होता. तो डेटा तसाच मॉडेलला दिला असता तर मॉडेल काय शिकलं असतं, याचा विचार करा.

या दोन भेटींतून एक वही तयार करायची, तीन रकान्यांची: सेन्सर कुठला, त्याच्या आकड्यावरून काय चालू-बंद होतं, तो आकडा खोटा निघाला तर त्रास किती वेळाने आणि कोणाच्या लक्षात येईल. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तुमच्या प्रबंधातलं मूळ काम बहुधा त्यातूनच निघेल.

पायरी २: तारा कुठून कुठे जातात ते काढा

एका कागदावर पाच थर काढा. सगळ्यात खाली सेन्सर, पंप आणि व्हॉल्व्ह. त्यावर पीएलसी, म्हणजे सेकंदात अनेकदा सेन्सर वाचून पंपाला हुकूम देणारा छोटा संगणक. त्यावर स्काडा, म्हणजे ऑपरेटरचा स्क्रीन. मग ऑफिसचं नेटवर्क आणि शेवटी इंटरनेट. आता खालच्या थरापासून वरपर्यंत जाणाऱ्या आडवाटा शोधा: दूरच्या पंपिंग स्टेशनमधलं सिमकार्डवालं मॉडेम, ठेकेदाराने घरून देखभाल करता यावी म्हणून टाकलेलं रिमोट सॉफ्टवेअर, यूएसबी. कागदावर नेटवर्क प्रत्येकाचं वेगळं असतं. प्रत्यक्षात ते वेगळं आहे का, हे या आडवाटांवर ठरतं.

प्रोटोकॉल बरेच आहेत. सुरुवातीला एकच नीट शिका, मॉडबस. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आपल्या पीएलसींसाठी तो काढला आणि अजून तो सगळीकडे आहे. मूळ मॉडबसमध्ये पासवर्ड नाही, सही नाही, मजकूर झाकायची सोय नाही. ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर "अमुक रजिस्टरमध्ये (पीएलसीच्या स्मृतीतल्या खान्यात) अमुक आकडा लिही" असा निरोप आला की पीएलसी लिहितो. कोणी सांगितलं, असं तो विचारत नाही.

हे वाचून समजत नाही, करून समजतं. त्यासाठी एक शनिवार-रविवार काढा आणि सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर, बाहेरच्या नेटवर्कपासून तोडून करा. ओपनपीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात लॅडर या पीएलसीच्या चित्रमय भाषेत दोन ओळी लिहा: पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली की पंप चालू, खालच्या खुणेखाली आली की बंद. पायथनच्या पायमॉडबस लायब्ररीने वेट वेलचं सोंग करणारा छोटा प्रोग्राम लिहा, जो दर सेकंदाला पातळीचा आकडा पीएलसीच्या रजिस्टरमध्ये टाकेल. वायरशार्क हे नेटवर्कवरचे निरोप दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून निरोप वाचा: फंक्शन कोड ३ म्हणजे रजिस्टर वाचणं, ६ म्हणजे एका रजिस्टरमध्ये लिहिणं. आता तिसऱ्या खिडकीतून त्याच रजिस्टरमध्ये खोटी पातळी लिहा.

पंप गुपचूप बंद होईल असं वाटतं ना? तसं होत नाही. तुमचा खोटा आकडा आणि सोंग करणाऱ्या प्रोग्रामचा आकडा एकाच रजिस्टरवर भांडतात. पंप चालू-बंद असा फडफडतो. हल्ला करणंही अवघड आहे आणि फसलेला हल्ला खुणा सोडतो, या दोन्ही गोष्टी त्या फडफडण्यातून कळतात.

आता कायद्याचं, आणि हे शेवटी सांगायची गोष्ट नाही. इंटरनेटवर उघडे पडलेले पीएलसी दाखवणारी सर्च इंजिनं आहेत. तुमच्या शहराचं नाव टाकून बघायचा मोह होईल. सापडलेल्या यंत्राला "फक्त वाचून बघतो" म्हणत साधा निरोपसुद्धा पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली परवानगीशिवाय संगणक यंत्रणेत शिरलं तर भरपाई द्यावी लागते, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केलं तर कलम ६६ खाली गुन्हा होतो: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरकारने 'संरक्षित' म्हणून जाहीर केलेली यंत्रणा असेल तर कलम ७० लागतं आणि कैद दहा वर्षांपर्यंत जाते. शिवाय जुन्या पीएलसींना अनपेक्षित निरोप सहन होत नाहीत, काही नुसत्या स्कॅनने अडकतात. चालत्या प्लांटवर असं झालं तर मैलापाणी कोणाच्या तरी गल्लीत जाईल. उघडं यंत्र योगायोगाने दिसलंच तर गाइडला सांगा आणि सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवा.

पायरी ३: जुनी प्रकरणं वाचा, पण शेवटपर्यंत

या क्षेत्रातल्या जवळपास प्रत्येक पेपरच्या पहिल्या परिच्छेदात त्याच तीन-चार घटना येतात आणि त्या बहुतेक वेळा एकमेकांच्या पेपरमधून उचललेल्या असतात. तुम्ही मूळ वृत्तांत वाचा.

सगळ्यात शिकवणारं प्रकरण ऑस्ट्रेलियातलं आहे, क्वीन्सलँडमधल्या मरूची परगण्याचं, साल २०००. तिथल्या मलनिस्सारण व्यवस्थेत १४२ पंपिंग स्टेशनं होती आणि ती रेडिओवरून बोलायची. ती यंत्रणा बसवणाऱ्या ठेकेदाराकडे व्हिटेक बोडेन नावाचा माणूस काम करायचा. तिथली नोकरी सोडल्यावर त्याने परगण्याच्या प्रशासनाकडे नोकरी मागितली, ती मिळाली नाही. मग त्याने गाडीत लॅपटॉप, रेडिओ आणि पंपिंग स्टेशनमध्ये असतो तसाच एक कंट्रोलर ठेवला आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून २३ एप्रिलपर्यंत किमान ४६ वेळा खोटे हुकूम पाठवले. पंप थांबले, अलार्म दबले, सुमारे ८ लाख लिटर मैलापाणी बागांत, ओढ्यांत आणि एका बड्या हॉटेलच्या आवारात गेलं. त्याला दोन वर्षांची कैद झाली.

इथवर सगळे लिहितात. पुढचा भाग क्वचित कोणी लिहितो. सुरुवातीचे कित्येक दिवस तिथल्या अभियंत्यांना हा बिघाड वाटत होता. नवी यंत्रणा आहे, रेडिओत अडथळा येत असेल, सॉफ्टवेअर पुन्हा टाकून बघू. मग तपास करणाऱ्या अभियंत्याच्या लक्षात आलं की गोंधळ घालणारे निरोप १४ क्रमांकाच्या स्टेशनच्या नावाने येताहेत. तो स्वतः तिथे गेला, यंत्र तपासलं, ते ठणठणीत होतं. त्याने त्या स्टेशनचा क्रमांक बदलून ३ केला. आता खऱ्या स्टेशनचे निरोप ३ च्या नावाने येणार, म्हणजे १४ च्या नावाने जे येईल ते खोटं. ना एआय, ना बिग डेटा; एक आकडा बदलला आणि सोंग उघडं पडलं. माझ्या दृष्टीने सांडपाण्यातला पहिला चांगला हल्ला-शोधक हाच.

दुसरं प्रकरण अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या ओल्डस्मारचं. ५ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या जलशुद्धीकरण केंद्रात कॉस्टिक सोड्याचं प्रमाण १०० वरून ११,१०० पीपीएमवर नेल्याचं ऑपरेटरने पाहिलं आणि लगेच पूर्ववत केलं. जगभर बातमी झाली. पण २०२३ मध्ये तिथल्या माजी शहर व्यवस्थापकाने सांगितलं की ती बहुधा कर्मचाऱ्याचीच चूक होती, आणि बाहेरून कोणी शिरल्याची खात्री एफबीआयलाही करता आली नाही. तरीही आजच्या प्रबंधांत तो 'हल्ला' म्हणूनच येतो. तुमच्या प्रबंधात तसा आला तर परीक्षकाने पकडावं अशी माझी इच्छा आहे.

इलिनॉयमधली २०११ ची घटनाही अशीच. पाणीपुरवठ्याचा पंप जळाला, लॉगमध्ये रशियातून लॉगिन सापडलं आणि परदेशी हल्ल्याची हाकाटी झाली. शेवटी कळलं की यंत्रणेचा कंत्राटदारच सुट्टीवर रशियात होता आणि त्याने कामासाठी तिथून लॉगिन केलं होतं.

याउलट नोव्हेंबर २०२३ मधलं पेनसिल्व्हेनियातलं अ‍ॅलिक्विपाचं प्रकरण पक्कं आहे: इंटरनेटवर उघडा असलेला पीएलसी, कंपनीने दिलेला '११११' हा पासवर्ड न बदललेला, स्क्रीनवर हल्लेखोरांचा संदेश. कर्मचाऱ्यांनी पंप हाताने चालवले. यात संशोधन करण्यासारखं फार नाही, पासवर्ड बदलण्यासारखं आहे.

पायरी ४: प्रश्न एका वाक्यात लिहा

"सांडपाणी प्रकल्पांची सुरक्षा" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नात चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: हल्लेखोर कोण, त्याचा हात कुठपर्यंत पोचतो, त्याला काय हवंय, आणि आपल्याला ते किती वेळात कळायला हवं.

हल्लेखोर म्हटलं की टोपीवाला परदेशी हॅकर डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे जरा वेगळाही विचार करून बघा. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना आणि सीईटीपींना, म्हणजे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना, ऑनलाइन मोजमाप यंत्रं बसवून आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर पाठवायला सांगितलं. आता या व्यवस्थेत आकडा खोटा असावा असं कोणाला वाटू शकतं? बाहेरच्या माणसाला नव्हे, किल्ल्या ज्याच्या कमरेला आहेत त्याला. प्रोब स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली तर सेन्सरपासून सर्व्हरपर्यंत कितीही कडेकोट कुलूप लावा, बादलीतलाच आकडा सुरक्षितपणे पोचणार. इथे क्रिप्टोग्राफीपेक्षा रसायनशास्त्र जास्त उपयोगी पडतं: बाकीचे आकडे रोजच्यासारखे वरखाली होत असताना सीओडी, म्हणजे घाणीचं रासायनिक मोजमाप, एकटाच कसा शांत? या दिशेने महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींसाठी करण्यासारखं पुष्कळ आहे.

नवख्याला झेपेल असा एक प्रश्न नमुन्याला देतो: "डीओ सेन्सरच्या आकड्यात हळूहळू चूक मिसळणारा हल्ला, प्रोबवर नैसर्गिकरीत्या चढणाऱ्या थरापासून किती तासांत वेगळा ओळखता येतो?" हा प्रश्न साधा दिसतो. त्याचं उत्तर "ओळखता येत नाही" असं आलं तरी तो चांगला प्रबंध होईल, कारण का येत नाही हे तुम्हाला सांगता येईल.

पायरी ५: मैदान निवडा

सगळ्यांना माहीत असलेला डेटा म्हणजे स्वॉट. सिंगापूर युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी अँड डिझाइनमधल्या आयट्रस्ट केंद्रात २०१५ मध्ये उभा राहिलेला खराखुरा छोटा प्लांट. सहा टप्पे: कच्चं पाणी घेणं, रसायनं मिसळणं, अल्ट्राफिल्ट्रेशन, अतिनील किरणांनी क्लोरीन काढणं, रिव्हर्स ऑस्मॉसिस आणि शेवटी साठवण व बॅकवॉश. मूळ डेटा अकरा दिवसांचा: सात दिवस सुरळीत, चार दिवस हल्ल्यांचे. ५१ सेन्सर आणि पंप-व्हॉल्व्ह, दर सेकंदाला एक नोंद, ३६ हल्ले. एलआयटी-१०१ म्हणजे पहिल्या टप्प्यातल्या कच्च्या पाण्याच्या टाकीची पातळी. डेटा फॉर्म भरून मागवावा लागतो. त्याच केंद्राचा वाडी नावाचा दुसरा डेटा पाणी वितरणाचा आहे. बटाडल ही २०१७ मधली स्पर्धा, सी-टाउन नावाच्या काल्पनिक शहराच्या जलवाहिन्यांवर घेतलेली.

बघा, तिन्ही स्वच्छ पाण्याचे. जिवाणू कुठेच नाहीत, म्हणजे दुसरं, सावकाश चालणारं घड्याळही नाही.

म्हणून माझी शिफारस बीएसएम-१ ची. युरोपीय संशोधकांच्या कॉस्ट उपक्रमांतून तयार झालेलं आणि पुढे आंतरराष्ट्रीय जल संघटनेच्या कार्यगटाने सांभाळलेलं हे प्रमाणित सिम्युलेशन आहे. पाच टाक्या ओळीत: पहिल्या दोन बिनहवेच्या, प्रत्येकी १,००० घनमीटर, पुढच्या तीन हवेच्या, प्रत्येकी १,३३३. मागे क्लॅरिफायर. रोज सरासरी १८,४४६ घनमीटर पाणी येतं, म्हणजे सुमारे साडेअठरा एमएलडी (दशलक्ष लिटर रोज), एखाद्या मध्यम शहराच्या प्लांटएवढं. आत १९८७ चं एएसएम-१ मॉडेल, १३ घटक आणि ८ प्रक्रिया. कोरडं हवामान, पाऊस आणि वादळ अशा चौदा-चौदा दिवसांच्या आवकेच्या तीन फाइली, दर १५ मिनिटांची नोंद. नियंत्रणाची दोन वर्तुळं: पाचव्या टाकीत डीओ २ वर ठेवणं, दुसऱ्या टाकीत नायट्रेट १ वर ठेवणं (दोन्ही मिलिग्रॅम प्रतिलिटर). सिम्युलिंकमध्ये मिळतं, पायथनमध्येही आवृत्त्या आहेत.

क्रम असा ठेवा. आधी स्थिर आवकेवर मॉडेल इतकं चालवा की आकडे हलायचे थांबतील. मग कोरड्या हवामानाची फाइल चालवा आणि प्रकाशित आकड्यांशी जुळवा. मूल्यमापन शेवटच्या सात दिवसांचं करतात. आकडे जुळेपर्यंत हल्ल्याचं नाव काढू नका. या कामात दोन आठवडे जातात आणि गाइडला दाखवायला काहीच नसतं. जाऊ द्या.

आता पहिला हल्ला: डीओ सेन्सर खऱ्यापेक्षा १.५ जास्त दाखवतो. कंट्रोलर आपला दिसणारा आकडा २ वर ठेवण्यात समाधानी, खरा डीओ ०.५. मॉडेलमध्ये अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंचा ऑक्सिजनचा अर्धसंपृक्त स्थिरांक, म्हणजे जितक्या डीओला त्यांचा वेग निम्मा होतो तो आकडा, ०.४ आहे. म्हणजे त्यांचा वेग आधी २ भागिले २.४, साधारण ०.८३, आता ०.५ भागिले ०.९, साधारण ०.५६. एक-तृतीयांश घट. अमोनिया उसळेल या आशेने तुम्ही ग्राफ काढाल आणि फटका अपेक्षेपेक्षा कमी दिसेल. कारण तिसऱ्या-चौथ्या टाकीचा हवापुरवठा मूळ मांडणीत ठरलेला आहे, सेन्सरच्या तालावर फक्त पाचवी टाकी नाचते. इथे बरेच जण हल्ला 'मोठा' करत नेतात. तसं करण्यापेक्षा, रचनेमुळेच प्लांट कसा वाचला ते लिहा.

मग चिन्ह उलटं करा: सेन्सर कमी दाखवतो. कंट्रोलर हवा वाढवत नेतो, वीज जळते. पण गंमत पुढे आहे. पाचव्या टाकीतलं पाणी अंतर्गत पुनर्चक्राने आवकेच्या तिप्पट प्रमाणात पहिल्या टाकीत परत जातं. त्याबरोबर ऑक्सिजनही जातो, बिनहवेच्या टाकीत नको असलेली हवा पोचते आणि नायट्रेट काढायचं काम मंदावतं. खोटा आकडा शेवटच्या टाकीतला, त्रास पहिल्या टाकीत. वहीतला तिसरा रकाना आठवा.

नुकसान कशाने मोजायचं हेही आधीच ठरवा. बीएसएम-१ मध्ये अमोनियाची मर्यादा ४ आणि एकूण नायट्रोजनची १८ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत एसटीपीसाठी सामू, बीओडी, निलंबित घन पदार्थ आणि मलजन्य कोलिफॉर्म एवढंच आहे. बीओडी महानगरांत २०, इतरत्र ३०. अमोनिया त्यात नाही. म्हणजे नायट्रीकरण (अमोनियाचं नायट्रेट होणं) पाडणारा हल्ला त्या अधिसूचनेच्या नजरेत दिसणारच नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये याहून कडक मानकं सांगितली आहेत. कुठली धरलीत ते स्पष्ट लिहा.

एक त्रुटीही सांगून ठेवतो. महाराष्ट्रात, नवी मुंबईसारख्या ठिकाणी, एसबीआर पद्धतीचे प्रकल्प आहेत. त्यात भरणं, हवा देणं, गाळ बसवणं आणि वरचं पाणी काढणं एकाच टाकीत आळीपाळीने होतं आणि या सगळ्या वेळा पीएलसी पाळतो. तिथे सेन्सरला हात न लावता नुसतं वेळापत्रक बिघडवलं तरी न बसलेला गाळ बाहेर जाईल. बीएसएम-१ सलग वाहणाऱ्या प्लांटचं आहे, ते याबद्दल काही सांगत नाही. हे काम कोणीतरी करायला हवं.

पायरी ६: शोधक बनवा, साध्यापासून

पहिला शोधक मॉडेलशिवाय बनवा. वेट वेलचं क्षेत्रफळ २० चौरस मीटर आहे, तासाला १०० घनमीटर येतंय, पंप ६० उचलतोय. उरलेले ४० भागिले २०, म्हणजे पातळी तासाला २ मीटरने चढायला हवी. सेन्सर म्हणतो पातळी स्थिर. तिघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय. अपेक्षित आणि दिसलेल्या आकड्यातला फरक साठवत नेला की हळू चढणारी चूकही वर येते, त्याला क्युसम म्हणतात. त्यानंतर पीसीए, म्हणजे सगळे आकडे एरवी एकत्र कसे हलतात ते पकडणारी संख्याशास्त्राची साधी पद्धत. न्यूरल नेटवर्क सगळ्यात शेवटी, आणि या दोघांना हरवलं तरच. स्वॉटवर साध्या पीसीएने गुंतागुंतीच्या मॉडेलांच्या बरोबरीची कामगिरी केल्याचं दाखवलं गेलंय, तेव्हा ही पायरी गाळून पेपर पाठवलात तर परतच येईल.

मूल्यमापनात नवखे चार ठिकाणी घसरतात. अ‍ॅक्युरसी सांगतात: स्वॉटच्या हल्ल्यांच्या भागात सुमारे १२ टक्केच नोंदी हल्ल्याच्या आहेत, म्हणजे "सगळं ठीक" एवढंच बोलणाऱ्या प्रोग्रामलाही ८८ टक्के मिळतात. नोंदी फेटून प्रशिक्षण आणि चाचणी वेगळी करतात, त्यामुळे शेजारचे सेकंद दोन्हीकडे जातात आणि मॉडेलला उत्तरपत्रिकाच मिळते. स्वॉटमधले सुरुवातीचे काही तास, प्लांट स्थिरावत असतानाचे, काढत नाहीत. आणि चौथं फारच फसवं: 'पॉइंट अ‍ॅडजस्टमेंट'. हल्ल्याच्या दोन तासांत एका सेकंदाला जरी अलार्म वाजला तरी पूर्ण दोन तास बरोबर धरायचे. या सवलतीने यादृच्छिक आकडेसुद्धा नामांकित मॉडेलांना मागे टाकतात, हे २०२२ मध्ये दाखवून झालंय. ती वापरलीत तर तिच्याशिवायचे आकडे शेजारी द्या.

मी विद्यार्थ्यांना एकच आकडा आधी विचारतो: दिवसाला खोटे अलार्म किती? दिवसात ८६,४०० सेकंद असतात. एक टक्का चूक म्हणजे ८६४ सेकंद, आणि ती दिवसभर विखुरलेली. ऑपरेटर दुसऱ्या दिवशी स्पीकरची वायर काढेल.

पायरी ७: अलार्मची यादी घेऊन परत प्लांटवर

आता पहिल्या पायरीवरच्या ऑपरेटरकडे जा. परवानगीने मागच्या तीन महिन्यांची लॉगशीट मिळवा. नोंदी हाताने, तासातासाने लिहिलेल्या असतात, त्या टाइप करण्यात एक आठवडा जाईल. प्रबंधात प्लांटचं नाव, आयपी पत्ते किंवा नेटवर्कचा नकाशा येऊ देऊ नका. तुमचा साधा, पाण्याच्या हिशेबाचा शोधक त्या नोंदींवर चालवा आणि त्याने काढलेल्या अलार्मची यादी तारखांसकट छापून न्या. एसव्ही-३० चे रोजचे आकडे शेजारच्या रकान्यात लिहा.

तो चहा मागवेल आणि यादीवर बोट ठेवून सांगत जाईल. या दिवशी लाइट गेली होती. इथे प्रोब धुतली होती. इथे दोन नंबरचा पंप उघडला होता, चिंध्या निघाल्या. मग एखाद्या ओळीवर बोट थांबेल, तो लॉगशीट उलटीसुलटी करून बघेल आणि म्हणेल, "हे काय झालं होतं, काही आठवत नाही बुवा." ती ओळ वहीत लिहून घ्या आणि त्या दिवशीचा एसव्ही-३० काय होता ते बघा.